डाफ्नियाचं आतडं मिनिटागणिक आंबट होतंय? आधी मोजणी तपासा

ही मोजणी करणाऱ्यांची तक्रार साधारण अशी असते. डाफ्नियाला, म्हणजे गोड्या पाण्यातल्या इवल्या पाणपिसूला, पीएच दाखवणारे नॅनोसेन्सर कण खायला घातले, प्राणी कॉन्फोकल (लेझरने स्कॅन करणाऱ्या) सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, पहिल्या फ्रेमला आतड्याच्या मधल्या भागाचा पीएच ७.० आला. थोड्या वेळाने ६.८, मग ६.६. दुसरा प्राणी घेतला, तिथेही तेच. कॅलिब्रेशनचा आलेख तर अगदी देखणा आहे, बफरमध्ये, म्हणजे ठरलेला पीएच टिकवणाऱ्या द्रावणात, सगळं जुळतंय. मग प्राणीच आतड्यात आम्ल सोडतोय का?

सोडतही असेल. पण या मोजणीची एक खोड आहे. इथे होऊ शकणाऱ्या बहुतेक चुका आकड्याला एकाच बाजूला ओढतात, आणि ती बाजू आम्लाची. त्यामुळे दोन-तीन चुका एकदम झाल्या तर त्या एकमेकींना खोडत नाहीत, त्यांची बेरीज होते. म्हणून घसरता पीएच दिसला की ‘आतडं आम्लधर्मी होतंय’ हे उत्तर यादीत शेवटी ठेवायचं आणि बाकीचे संशयित एकेक करून बाहेर काढायचे.

सेन्सर काय मोजतो, काय मोजत नाही

पीएचची कल्पना सोरेनसन यांनी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली, आणि इलेक्ट्रोडने तो मोजणं आज शाळकरी काम आहे. पण जेमतेम एक ते चार-पाच मिलिमीटरच्या जिवंत प्राण्याच्या आतड्यात इलेक्ट्रोड कुठून घालणार? म्हणून हे कण. काही दहा नॅनोमीटरचा पॉलिअॅक्रिलअमाइडचा गोळा, त्याला रासायनिक बंधाने जोडलेले दोन प्रकारचे रंग: पीएचनुसार उजळणारा हिरवा आणि पीएचची पर्वा न करणारा लाल. हिरव्यासाठी बहुधा फ्लुरेसीन, लालसाठी ऱ्होडामिन. सुटा रंग वापरत नाहीत, कारण तो ऊतींमध्ये शिरतो, प्रथिनांना चिकटतो आणि मग त्याची वागणूक बदलते. डाफ्निया पारदर्शक असल्यामुळे बाकीचं काम सूक्ष्मदर्शक करतो.

यात आपण हायड्रोजन आयन मोजतच नाही. मोजतो ते हिरव्या आणि लाल प्रकाशाचं गुणोत्तर. जे काही हिरवा कमी करेल किंवा लाल वाढवेल, ते सगळं संगणकाला ‘आम्ल’ म्हणूनच दिसणार. पुढचं सगळं याच वाक्याभोवती फिरतं.

फ्लुरेसीनचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू उजळ रूपात असतात तो आकडा, ६.४ च्या आसपास. ढोबळ हिशेबाने पीएच ७.० ला त्याचे सुमारे ८० टक्के रेणू उजळ रूपात असतात, ५.० ला जेमतेम ४ टक्के, ४.० ला अर्ध्या टक्क्याहून कमी, आणि वर ७.८ ला ९६ टक्के. म्हणजे ५ च्या खाली आणि साडेसातच्या वर हा रंग जवळपास आंधळा आहे. म्हणून हल्ली कणात दोन हिरवे घालतात, फ्लुरेसीनच्या जोडीला ४.७ च्या आसपास पीकेए असलेला ओरेगॉन ग्रीन. त्याने खालची बाजू उघडते. तुमच्या कणात एकच हिरवा असेल आणि आकडा ४.६ येत असेल, तर त्या आकड्यावर चर्चा करण्यात अर्थ नाही. तो आलेखाच्या सपाट शेपटावरून वाचलेला आहे.

पहिला संशयित: लेझर

फ्लुरेसीन प्रकाशाने लवकर मरतं, ऱ्होडामिन त्यामानाने चिवट. दर फ्रेमला हिरवा थोडा थोडा जळतो, लाल जागच्या जागी राहतो, गुणोत्तर घसरतं. खरा पीएच ७.० आहे आणि हिरव्यापैकी फक्त १० टक्के जळला, तर आकडा ६.८ येतो. २० टक्के जळला तर ६.६५. सुरुवात ७.४ वरून असेल तर फटका मोठा: २० टक्क्यांत थेट ६.८, कारण तिथे आलेख आडवा होत आलेला असतो. वरच्या तक्रारीतला ७.० ते ६.६ हा प्रवास एवढ्यानेही होऊ शकतो.

तपासायला दोन चाचण्या. पहिली सगळे करतात: त्याच कणांचा थेंब पीएच ७.० च्या बफरमध्ये, काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये ठेवायचा आणि प्राण्यावर जितक्या फ्रेम घेतल्या तितक्याच, त्याच लेझरवर घ्यायच्या. बफर आम्ल होत नाही. आकडा घसरला तर तो लेझरचा.

दुसरी फार कमी जण करतात, आणि खरं तर तीच जास्त बोलकी आहे. प्राण्यावर चार-पाच फ्रेम घ्या. मग लेझर पूर्ण बंद करून, प्राणी न हलवता, दहा मिनिटं थांबा. पुन्हा फ्रेम घ्या. अंधारात पीएच जिथे सोडला होता तिथेच सापडला आणि प्रकाश लागताच पुन्हा घसरू लागला, तर घसरण प्रकाशाच्या मात्रेशी बांधलेली आहे. अंधारातही तितकाच उतरला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे खरं काहीतरी घडतंय. आणि अंधारानंतर आकडा चढलेला दिसला तर बहुधा आतड्याच्या हालचालीने जळके कण पुढे सरकून ताजे कण त्या जागी आलेत. हाही ब्लीचिंगचाच, म्हणजे प्रकाशाने रंग जळण्याचाच, पुरावा.

उपाय साधे आहेत. लेझर कमी करा, पिनहोल (डिटेक्टरपुढचं बारीक छिद्र) थोडं उघडा, रिझोल्यूशनची हाव सोडा. पीएचचा नकाशा काढायला २०४८ बाय २०४८ ची गरज नसते. सतत व्हिडिओ घेण्याऐवजी ठरावीक वेळांना एकेक फ्रेम घ्या. शक्य असेल तर प्रत्येक वेळेसाठी वेगळा प्राणी वापरा. प्राण्यांची टंचाई डाफ्नियात कधीच नसते.

‘ब्लीचिंगचा आलेख काढून आकडे दुरुस्त करू’ हा मार्ग मला पटत नाही. फ्लुरेसीनचं उजळ रूप ४८८ नॅनोमीटरचा प्रकाश जास्त शोषतं म्हणून जास्त जळतं. आम्लात ते कमी शोषतं, कमी जळतं. म्हणजे जळण्याचा वेगच पीएचवर अवलंबून आहे, आणि पीएच तर आपल्याला माहीत नाही म्हणूनच मोजतोय.

दुसरा संशयित: शेवाळ

डाफ्नियाला आपण हिरवं शेवाळ खायला घालतो, आणि शेवाळातलं क्लोरोफिल लाल चकाकतं. त्याचा कळस ६८० नॅनोमीटरच्या आसपास. ऱ्होडामिन त्याच्या बराच अलीकडे, ५८० च्या आसपास. दोन्ही वेगळे ठेवता येतात, पण लाल चॅनेलला लाँगपास फिल्टर असेल, म्हणजे ‘अमुकच्या पुढचं सगळं येऊ दे’ असा, तर क्लोरोफिल सरळ आत येतं आणि ऱ्होडामिनच्या खात्यावर जमा होतं. साध्या फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकांच्या फिल्टर क्यूबमध्ये असा फिल्टर नेहमी सापडतो. क्यूबवरचं लेबल एकदा नीट वाचा.

किती फरक पडतो ते आकड्यांत बघू. समजा कॅलिब्रेशनमध्ये गुणोत्तराची कमाल किंमत १.५ आहे. प्राण्यात हिरवा २४० आणि लाल २००, गुणोत्तर १.२, पीएच ७.०. आता लालमध्ये शेवाळाचे ६० मिसळा. लाल २६०, गुणोत्तर ०.९२, पीएच ६.६. प्राण्यात काहीही बदललेलं नाही.

यातली खरी मेख अशी की हे प्रदूषण आतड्यात सगळीकडे सारखं नसतं. पुढच्या टोकाला ताजं, अख्खं शेवाळ. मागे पचलेलं, दाबलेलं, क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम निघून फिओफायटिन झालेलं, आणि फिओफायटिनही लाल चकाकतं. म्हणजे पुढून मागे पीएचचा जो उतार तुम्ही हौसेने रंगीत नकाशात दाखवताय, तो जेवणाच्या गर्दीचा नकाशा असू शकतो.

तपासणी: सेन्सर न खाल्लेला, पण त्याच भांड्यातला, त्याच शेवाळावर पोसलेला प्राणी घ्या आणि अगदी त्याच सेटिंगवर दोन्ही चॅनेलची चित्रं काढा. याला पर्याय नाही. ‘काळं दिसतंय’ असं डोळ्याने ठरवू नका, आकडे वाचा. लाल चॅनेलमध्ये सेन्सरवाल्या प्राण्याच्या पाच टक्क्यांहून जास्त सिग्नल या कोऱ्या प्राण्यात मिळाला, तर पुढे जाऊ नका.

उपाय म्हणून लाल चॅनेलची खिडकी ५७० ते ६२० एवढीच ठेवा. आणि मोजणीच्या काही तास आधी प्राण्यांना शेवाळाऐवजी यीस्टवर हलवा. ‘उपाशी ठेवून आतडं रिकामं करू’ हे ऐकायला सोपं वाटतं, पण डाफ्नियाचं आतडं उपाशी राहून पटकन रिकामं होत नाही. नवं अन्न मागून आलं की जुनं पुढे ढकललं जातं. शिवाय उपाशी प्राण्याच्या आतड्याचा पीएच मोजून पोट भरलेल्याबद्दल बोलणं हा वेगळाच घोळ. यीस्टची स्वतःची थोडी हिरवट चकाकी असते, म्हणून कोरा प्राणीही यीस्टवरचाच हवा.

तिसरा संशयित: सोडावॉटर

डाफ्निया स्थिर राहत नाही, म्हणून त्याला गुंगी देतात, आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दोन थेंब सोडावॉटर. हृदयाचे ठोके मोजायच्या कॉलेज प्रॅक्टिकलला ते चालतं. आम्लता मोजताना मात्र आपण प्राण्याला कार्बोनिक आम्लात बुडवून विचारतोय की तू आंबट का? वर डाफ्निया ते पाणी पितो. तोंडाने तर घेतोच, गुदद्वारानेही आत ओढतो. कार्बन डायऑक्साइड तसाही पडदे ओलांडून आत जातो. इथे मोजणी बरोबर असते, पीएच खरंच उतरलेला असतो, फक्त तो तुमच्यामुळे उतरलेला असतो.

ट्रायकेनचं तेच. माशांसाठी वापरतात ती ही भूल पाण्यात विरघळली की आम्लधर्मी द्रावण देते, म्हणून खाण्याच्या सोड्याने ते उदासीन करून घ्यावं लागतं. बाटलीवर लिहिलेलं असतं, घाईत राहून जातं.

त्यापेक्षा रसायन न वापरता धरून ठेवा. कमी तापमानाला वितळणारा अॅगरोज एक टक्का, कोमट होईपर्यंत थांबून, प्राणी कुशीवर. किंवा दाट मिथिलसेल्युलोज. किंवा खोलगट स्लाइडवर कापसाचे चार धागे आणि पाण्याचा लहान थेंब. मात्र थेंब काचेने बंद करून अर्धा तास ठेवलात, तर प्राण्याच्या स्वतःच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड तिथेच साठतो आणि आपण फिरून सोडावॉटरवर येतो. ज्यांची घसरण अंधारातही चालू राहते त्यांनी सगळ्यात आधी हा थेंब तपासावा. उघड्या भांड्यात, वॉटर डिपिंग लेन्सखाली (थेट पाण्यात बुडणाऱ्या भिंगाखाली) तोच प्राणी ठेवून घसरण थांबते का बघा.

चौथा, आपल्याकडचा खास: खोलीचं तापमान

ऱ्होडामिन बी तापमानाला इतकं हळवं आहे की त्याचा उपयोग सूक्ष्म थर्मामीटर म्हणून करतात. पाण्यात ते दर अंशाला साधारण दोन टक्के मंद होतं. फ्लुरेसीन त्यामानाने ढिम्म. आता नेहमीचं दृश्य बघा. डाफ्निया मॅग्ना २० अंशांच्या इनक्युबेटरमध्ये वाढवलेला, कारण त्याला तेच मानवतं. कॅलिब्रेशनचे बफर मात्र बाकावर, पुण्या-नागपुरातल्या दुपारच्या २८ अंशांत, एसीने कसाबसा आवरलेल्या खोलीत. प्राणी थंड पाण्यासकट स्टेजवर आला. थंडीत लाल सुमारे १६ टक्के जास्त उजळ, गुणोत्तर तेवढं कमी, आणि ७.० च्या जागी ६.७५. पाव एकक, नुसत्या एसीपायी.

उलटही होतं. थंड प्राणी स्टेजवर हळूहळू गरम होत गेला तर आकडा चढत जातो आणि ब्लीचिंगची घसरण झाकतो. मग ‘सगळं स्थिर आहे’ असं वाटतं, आणि हे जास्त घातक.

कॅलिब्रेशन आणि मोजणी एकाच तापमानाला करा. थर्मोस्टॅट असलेली स्टेज नसेल तर निदान बफर आणि प्राणी दोन्ही अर्धा तास त्याच खोलीत बसू द्या आणि तापमान वहीत लिहा. मॅग्नाला २८ अंश झेपत नसतील तर आपल्या तळ्यांतला मॉइना, डाफ्नियाचाच नातलग, घ्या. मत्स्यबीज केंद्रांवर पिल्लांना तोच चारतात. उष्णता सहन करतो, पारदर्शकही आहे. आकाराने लहान असल्याने भिंग मात्र चांगलं लागतं. आणि पाणी कोणतंही असो, नळाचं थेट नको, क्लोरीन प्राण्याला आधी मारेल आणि रंगाला नंतर.

कण फुटलेत का, गळतायत का

प्राण्याच्या अंगातल्या तेलाच्या थेंबांकडे बघा. ते लाल चकाकत असतील तर ऱ्होडामिन कणातून सुटलंय. त्याला चरबी आवडते, ते थेट तिथे जाऊन बसतं. आतड्याबाहेर सगळीकडे हिरवट धुकं असेल तर फ्लुरेसीन सुटलंय. दोन्हीवर इलाज एकच: साठ्यातले कण पडद्यातून गाळा आणि खाली आलेल्या पाण्याची चकाकी मोजा. ती शून्य नसेल तर डायलिसिस पुन्हा. जुनी, अनेकदा गोठवून वितळवलेली बाटली असेल तर तिच्यावर वेळ घालवू नका.

कठीण पाण्यात, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असलेल्या संवर्धन माध्यमात, कण एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. गठ्ठे डाफ्निया चवीने खातो, ती अडचण नाही. अडचण ही की ते कवचाला आणि पायांच्या केसांना चिकटतात, आणि वरून बघताना आतड्यावर पडलेले दिसतात. तिथे बाहेरच्या पाण्याचा पीएच वाचला जातो. मोजणीआधी प्राणी दोन-तीनदा स्वच्छ माध्यमात धुवा, आणि खात्रीसाठी खोलीच्या दिशेनेही स्कॅन करा.

सूक्ष्मदर्शक आणि संगणकातले किरकोळ घोळ

हिरव्या चॅनेलचा गेन (डिटेक्टर सिग्नल किती वाढवतो ते) इतका वाढवलेला की उजळ पिक्सेल छताला टेकलेत: गुणोत्तर कमी, पुन्हा आम्ल. हिस्टोग्रामचं उजवं टोक बघा. डिटेक्टरचा काळा आकडा वजा न करता भागाकार केलेला: मंद जागी काहीही येतं. आधी वजाबाकी, मग भागाकार, आणि ठरावीक सिग्नलखालचे पिक्सेल सरळ वगळा. आतडं हलतंय आणि हिरवी फ्रेम आधी, लाल नंतर घेतलीय: कडांना एका बाजूला आम्ल, दुसऱ्या बाजूला अल्क अशी झालर दिसते. चॅनेल फ्रेमगणिक न बदलता ओळीगणिक बदला, झालर जाते. कॅलिब्रेशन गेल्या महिन्यातलं, गेन आजचा: याबद्दल बोलायलाच नको. गुणोत्तर ही कणाची मालमत्ता नाही, त्या दिवशीच्या त्या यंत्राची आहे.

एक कायमची खूणगाठ

प्रत्येक फ्रेममध्ये प्राण्याशेजारी, अॅगरोजमध्येच, कणांचा एक ठिपका माध्यमात राहू द्या. माध्यमाचा पीएच ७.८ च्या आसपास असतो, म्हणजे फ्लुरेसीनच्या आलेखाच्या वरच्या सपाट भागात. तिथे पीएच थोडा हलला तरी गुणोत्तर जवळपास हलत नाही. नेमकी हीच गोष्ट कामाची. तो ठिपका घसरला तर दोष लेझरचा, तापमानाचा किंवा डिटेक्टरचा. पीएच एवढं घसरवू शकत नाही. ठिपका जागेवर आणि आतडं खाली, तर दोष किंवा कारण प्राण्याच्या आत आहे: शेवाळ, कार्बन डायऑक्साइड, किंवा खरंखुरं आम्ल. अर्धे संशयित एका नजरेत सुटतात.

शेवाळाची शंका शेवटपर्यंत राहिली तर प्रयोगानंतर त्याच प्राण्याचं आतडं सुईने उघडा, पीएच ६.५ च्या भरपूर बफरमध्ये ठेवा, आणि आत उरलेल्या कणांवर तीच मोजणी करा. ६.५ च्या जवळ आलं पाहिजे. ६.१ आलं तर तुमच्या सगळ्या आकड्यांत कुठेतरी चार दशांश आम्ल फुकटचं आहे. फक्त ते सगळ्यांतून सरसकट वजा करू नका. आलेख सरळ रेषा नाही, ७.२ ला तोच दोष वेगळा आकडा देतो. गुणोत्तराच्या पातळीवर कारण शोधा.

हे सगळं करूनही घसरण उरली तर ती खरी समजून कामाला लागा. आतड्याचा पीएच स्थिर असतो असं कुणी सांगितलेलं नाही. नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०१३ मध्ये अशाच सेन्सरने सी. एलेगन्स या गोलकृमीच्या आतड्यात पीएच लयीत खाली-वर होताना टिपला होता. तेव्हा पूर्ण आतड्याची एक सरासरी काढू नका. पुढचा, मधला, मागचा भाग वेगळे ठेवा, आणि आतड्याच्या आकुंचनाचा व्हिडिओ त्याच घड्याळावर जोडा. बदल आकुंचनाबरोबर येतो का, खाल्ल्यानंतर येतो का, हे विचारायची वेळ आता आली.